कागदावरचा लेफ्ट हाफ

आमच्या खाणीत दोन मॅनेजर होते. एक खरा. तो काचेच्या केबिनमध्ये बसायचा, जीपमधून फिरायचा, आणि त्याला सगळे साहेब म्हणायचे. दुसरे आमचे हेडक्लार्क. त्यांना ड्रायव्हरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळी खाण मॅनेजर म्हणायची, कारण त्यांची एक टीम होती. हॉकीची. अकरा खेळाडूंची, दरवर्षी नव्यानं निवडलेली, कडक शिस्तीत ठेवलेली टीम, आणि तिच्यातला एकही खेळाडू मॅनेजरांना ओळखत नव्हता. टीम कागदावर होती.

हे सगळं मी हसत सांगायला सुरुवात केली खरी, पण शेवटपर्यंत हसेन असं काही वाटत नाही. या माणसाची आठवण आली की माझं तोंड अजून कडू होतं.

डिचोलीजवळच्या त्या खाणीत मी काट्यावर होतो. म्हणजे टिपर तोलायचा. खनिजानं भरलेला टिपर काट्यावर चढणार, मी वजन लिहिणार, चिठ्ठी फाडून ड्रायव्हरला देणार, तो जेटीकडे जाणार, दुसरा चढणार. सकाळी पांढरा शर्ट घालून गेलेला माणूस संध्याकाळी विटेच्या रंगाचा होऊन परतायचा. नोकरी टेंपररी. दर सहा महिन्यांनी नवा कागद, आणि तो कागद मॅनेजरांच्या हातून यायचा. खाणीतला कुठलाही कागद त्यांच्याच हातून यायचा. साहेब फक्त सही करायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मॅनेजर बुटके. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, खिशात तीन पेनं: निळं, तांबडं आणि हिरवं. निळ्यानं नावं लिहायची, तांबड्यानं गुण, आणि हिरवं कशासाठी ते कुणाला कधी कळलं नाही. हातात कायम हॉकी स्टिक. पावसाळ्यात एखादे वेळी छत्री नसेल, पण स्टिक असायची. तिनं ते कुत्री हाकलायचे, कपाटावरच्या फायली ओढून काढायचे, जनेल, म्हणजे खिडकी, उघडायचे, शिपाई पेंगला तर टेबलावर दोनदा आपटायचे. चेंडू मात्र त्या स्टिकनं त्यांनी कधी मारला असेल असं वाटत नाही.

स्टिकची हकीकत ते स्वतःच सांगायचे. पोर्तुगीज राज्य होतं तेव्हा ते बेळगावात मामाकडे शिकायला होते. तिथं लष्कराच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं राहून त्यांनी पहिल्यांदा हॉकी पाहिली आणि वेडच लागलं त्यांना. सुट्टीत घरी येताना कुणाची तरी जुनी स्टिक बरोबर घेतली. दोडामार्गाच्या नाक्यावर पाखल्यानं, म्हणजे पोर्तुगीज शिपायानं अडवलं. हे काय आहे? गुरं हाकायची काठी. मग वाकडी का? तर हे म्हणाले, आमची गुरं वाकडी चालतात. पाखल्यानं सोडून दिलं. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल आणि शंभरदा हसलो असेन, कारण कागद त्यांच्या हातून यायचा.

काठी त्यांच्या गावी, कारापुरात आली, पण तिच्याशी खेळायला दुसरं कोण? फुटबॉल म्हटलं की गावचा गाव धावत यायचा. हॉकीला अकरा सोडा, दुसरा माणूस मिळेना. शेवटी त्यांनी सगळा खेळ वहीत उतरवला, आणि तो पुढं खाणीच्या कचेरीत आला.

दरवर्षी चवथ झाली, मखरं उतरली, की मॅनेजर आम्हाला टीम निवडायला बसवायचे. आम्ही कचेरीतले सहा जण. प्रत्येकानं देशभरातल्या खेळाडूंतून आपले अकरा निवडायचे. नावं ट्रिपांच्या जुन्या रजिस्टराच्या कोऱ्या पानांवर लिहायची. मग वर्षभर त्या खेळाडूंनी खऱ्या मैदानावर जे काही केलं त्याचे गुण आपल्याला. फॉरवर्डनं गोल मारला तर दोन. हाफनं मारला तर सात, कारण हाफ गोल मारतो कुठं? बॅकनं मारला तर दहा. उलट, आपल्या खेळाडूच्या संघावर गोल झाला, की त्या संघाच्या गोलकीपरला, बॅकना आणि हाफना प्रत्येकी एक गुण वजा. बक्षीस काय, तर कचेरीत एकच पंखा होता, त्याच्याखालची वेताची कदेल वर्षभर जिंकणाऱ्याची. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ज्यानं काम केलंय त्यालाच त्या खुर्चीचं मोल कळेल. ती बहुतेक मॅनेजरांकडेच असायची.

पेपर पणजीहून पहिल्या बसनं यायचा. मॅनेजर स्टँडवरून तो घेऊनच कचेरीत यायचे, खेळाचं पान ब्लेडनं कापायचे, आणि चार वाजता चहाच्या वेळी उभं राहून गुण वाचायचे. खेळाडूंना 'आमचा' म्हणायचे. आमच्या सेंटर फॉरवर्डला ताप आलाय. आमच्या गोलकीपरचं लग्न ठरलं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि गोलकीपर बिचारा तिकडे पंजाबात. एकदा त्यांच्या इनसाइड राइटनं पंचाशी हुज्जत घातली आणि ती बातमी पेपरात आली. मॅनेजरांनी त्याला तीन आठवडे बसवलं. रजिस्टरात लिहिलं, बेशिस्तीबद्दल. त्या तीन आठवड्यांत त्या पठ्ठ्यानं पाच गोल ठोकले. मॅनेजरांनी त्यातला एक गुणही घेतला नाही. त्या वर्षी कदेल गेली ड्राफ्ट्समनकडे, आणि मॅनेजर भर उन्हाळ्यात खिडकीशी घाम पुसत बसले. आम्ही पोट धरून हसलो. पण असा एक माणूस आपल्या कचेरीत आहे म्हणून आतून बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

हा ड्राफ्ट्समन मडगावचा. फुटबॉलवेडा. हॉकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, नुसतं मॅनेजरांना चिडवायला टीम करायचा. गोव्याची भाषा कोंकणी की मराठी, याचं आंदोलन पेटलं तेव्हा आमची कचेरीही फुटली. मॅनेजर घरी कोंकणी बोलायचे, पेपर मराठी वाचायचे, रजिस्टर मराठीत लिहायचे, आणि गुण मोजायचे पोर्तुगीजमध्ये. ड्राफ्ट्समन म्हणाला, यापुढं रजिस्टर कोंकणीत लिहा. मॅनेजर म्हणाले, सात म्हणजे सातच, कशातही लिही. एवढ्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. दोन महिने. पण टीमा दोघांच्याही होत्या, तेव्हा करणार काय? रजिस्टरातच एकमेकांना लिहायचे. आपल्या फुल बॅकचे दहा गुण तपासावेत. खाली उत्तर, तपासले, बरोबर आहेत.

आंदोलनात झाडं आडवी टाकून रस्ते बंद केले त्या दिवसांत पेपर आला नाही. बस नाही हे ठाऊक असूनही मॅनेजर रोज चालत स्टँडवर जायचे, वेळ होईपर्यंत उभे राहायचे, आणि परत येऊन लिहायचे, आज खेळ नाही. मी म्हटलं, अहो, तिकडे कुठंतरी मॅच चालूच असेल की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काट्यावर पाय ठेवून वजन वाढवलंय. म्हणाले, "पेपरात आलं नाही ना? मग झालं नाही."

आता माझं सांगतो. मी मांद्र्याचा. पण शाळेची शेवटली वर्षं वास्कोला आतेकडे काढली. तिथं बंदरातली आणि रेल्वेतली माणसं संध्याकाळी हॉकी खेळायची, त्यांच्यात मी शिकलो. लेफ्ट हाफ. खाणीत लागल्यावरही रविवारी पहिली बस धरून वास्कोला जायचो आणि एका क्लबातून खेळायचो. हे मॅनेजरांना कळलं तो दिवस मला आठवतो. ते काट्यावर आले, टिपर थांबवून ठेवला, आणि माझ्या हाताचे तळवे उलटसुलट करून पाहिले. घट्टे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हॉकी खेळणारा माणूस हात लावून पाहिला असेल. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. लेफ्ट हाफच म्हणायचे.

मग शिकवणी सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत ते टेबल मोकळं करायचे आणि कचेरीतले रबरी शिक्के मांडायचे. अकरा इकडे, समोरच्या संघाला दौती, टाचणीचे डबे, जे असेल ते. 'पोचले' हा शिक्का म्हणजे मी. तो डावीकडे मध्यावर ठेवायचे. समोरचा राइट विंगर म्हणजे डिंकाची बाटली. शिक्का उचलून पुढं नेला, की मोकळ्या जागेवर बोट ठेवायचे आणि मला विचारायचे, आता इथं कोण? मी म्हणायचो, कोण नाही. मग डिंकाची बाटली त्या जागेतून सरळ आमच्या गोलात जायची. शिक्का परत जागेवर ठेवून म्हणायचे, "जागो सोडूं नाका." रोज हेच. कधी चेंडू न मारलेला माणूस मला खेळ शिकवतोय म्हणून सुरुवातीला मी मनात हसायचो. पण बोलायचे ते खरं होतं. वास्कोच्या मैदानावर विंगर अंगावर आला, की मला डिंकाची बाटली दिसायची आणि पाय जागचे हलायचे नाहीत. माझा खेळ सुधारला तो त्या टेबलावर. याचं श्रेय मी त्यांना देतो. देतोच.

एक गोष्ट मात्र मी कधी बोललो नाही. दरवर्षी टीम निवडली जायची तेव्हा मी कान टवकारून ऐकायचो. गोव्याचं नाव मॅनेजरांनी कधीच घेतलं नाही. त्यांचं म्हणणं, गोव्याचा संघ देशाच्या स्पर्धेत कधी एक मॅच जिंकला नाही, साधी बरोबरीही नाही, मग गुण येणार कुठून? कागदाला गाव नसतं, म्हणायचे. खरंच होतं ते. पण मला हवं होतं. हसा हवं तर. खऱ्या संघात निवड होण्याइतकंच मला त्या रजिस्टरात माझं नाव निळ्या शाईनं हवं होतं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी माझी गोव्याच्या संघात निवड झाली. मॅनेजर म्हणाले, आता हरलो तर राज्य म्हणून हरू. रजेचा कागद त्यांनी स्वतः टाइप केला. त्याच आठवड्यात टीम निवडायची होती. चार वाजता ते उभे राहिले, दहा नावं वाचली. सगळी बाहेरची, मोठी. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, लेफ्ट हाफ, मांद्रे. ड्राफ्ट्समन टाळ्या वाजवायला लागला. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि काट्याकडे पळालो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि खाणीत असलं काही दाखवायची सोय नसते.

स्पर्धा पुण्यात होती. आमच्या वाट्याला तीन मॅचेस. पहिली सहा गोलांनी हरलो, दुसरी तीन गोलांनी. माझ्या मते मी वाईट खेळलो नव्हतो. पण पेपरात हाफचं नाव येत नाही. विंगर तुमच्यामुळे दहा वेळा परत फिरला हे कुठल्याच पेपरात येत नाही. गोल कुणी मारला तेवढंच येतं. संध्याकाळी खोलीवर बाकीची पोरं पाय शेकत होती आणि मी हिशेब करत होतो. सहा आणि तीन, वजा नऊ. मॅनेजरांनी आयुष्यात पहिल्यांदा गोव्याचा माणूस घेतला आणि तो वजा नऊवर बसलाय. उद्या पेपर येईल, चार वाजता ते उभं राहून सगळ्यांसमोर वाचतील. मला झोप कसली येते?

तिसरी मॅच आमच्यासारख्याच एका दुबळ्या संघाशी. शेवटची दहा मिनिटं राहिली तरी गोल कुणाचाच नाही. तेवढ्यात चेंडू माझ्याकडे आला, समोर मोकळं रान दिसलं, आणि मी निघालो. कुणाला पास दिला नाही. डीमध्ये शिरलो आणि मारला. गोल. अहो, राज्याचा पहिला गोल! सगळी पोरं अंगावर पडली. आमचा कोच म्हणजे वास्कोचा एक निवृत्त फौजी. तो बाहेरून ओरडत होता, मागे ये, जागेवर ये. ऐकू येत होतं मला. जागेवर गेलो असतो तर आम्ही ती मॅच जिंकलो असतो.

पण माझ्या डोक्यात रजिस्टर होतं. वजा नऊमधून सात निघाले, वजा दोन. अजून एक गोल, की मी वजातून वर येणार. तुम्ही म्हणाल वेडा होतास का? होतो. देशाच्या मैदानावर राज्याचा शर्ट घालून मी डिचोलीच्या एका कचेरीतल्या वहीसाठी खेळत होतो. पुन्हा पुढं गेलो. चेंडू हातचा गेला, त्यांचा राइट विंगर माझ्या मोकळ्या जागेतून पळाला आणि गोल करून आला. एक-एक. आता भरपाई करायची म्हणून मी परत पुढं गेलो, आणि परत तेच, तोच विंगर, तीच बाजू. शिट्टी वाजली तेव्हा मी त्यांच्या डीमध्ये उभा होतो. कोच जवळ आला, शिवी दिली नाही, फक्त विचारलं, "तूं थंय कितें करतालो?" तिथं मी काय करत होतो? सात गुण मिळवत होतो. हे त्याला कसं सांगणार?

परत आलो तर खाणीत माझा सत्कार. पेपरात नाव छापून आलं होतं, गोव्याचा गोल लेफ्ट हाफनं मारला म्हणून. कँटीनवाल्यानं अबोलीची माळ घातली. ड्राफ्ट्समननं मिठी मारली. साहेब केबिनमधून बाहेर येऊन हात मिळवून गेला. मॅनेजर मात्र कापलेलं पान समोर ठेवून बसले होते. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात एकच विचारलं.

"दोनूय गोल खंयच्या बाजून जाले?"

कुठल्या बाजूनं झाले? गळ्यात माळ होती. मी म्हटलं, "उजव्या."

त्यांनी मान हलवली. तांबडं पेन काढलं, माझ्या नावापुढं सात लिहिले, दोन गोलांचे दोन वजा केले. बाकी वर्षभर मी कुठं खेळणार होतो? चवथ परत आली तेव्हा बेरीज झाली आणि मॅनेजर तीन गुणांनी जिंकले. माझे सात नसते तर गेलेच होते. कदेल पुन्हा त्यांची झाली. पंख्याखाली बसून ते मला हाक मारायचे, लेफ्ट हाफ, चहा घे. मी घ्यायचो. खोटं बोललेलं घशात अडकायचं, पण चहाबरोबर जायचं खाली. शिक्क्यांची शिकवणी मात्र परत झाली नाही. मी समजलो, आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही.

पुण्याहून आल्यावर थोड्याच दिवसांनी वास्कोच्या एका बोटीच्या कंपनीनं आमच्या संघातल्या तिघांना बोलावलं होतं. त्यांची हॉकीची टीम उभी राहत होती आणि खेळाडूंना कायमची नोकरी. माझं नाव तिथं कुणी दिलं होतं? त्याच कोचनं. ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी माझा पराक्रम पाहिला होता त्यानं. म्हणाला, पोर आहे, शिकेल. कायमची नोकरी, आणि ती हॉकी खेळून! घरी आईनं सातेरी देवीला नारळ ठेवला. कंपनीला फक्त सध्याच्या कचेरीतून वर्तणुकीचा दाखला हवा होता, बंद लखोट्यात. मॅनेजरांनी तो टाइप केला, साहेबाची सही घेतली, लाखेनं बंद करून माझ्या हातात दिला. परतीच्या पावसाचे दिवस होते. लखोटा भिजू नये म्हणून मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरला, दोन बसेस बदलल्या, कॉर्तालीचा पूल ओलांडला आणि वास्कोला स्वतःच्या हातानं पोचवला.

बाकीचे दोघं लागले. मला पत्र आलं, खेद वाटतो म्हणून. का, ते कुणी सांगितलं नाही. मी समजलो, आपलं नशीबच फुटकं. वास्कोचं जाणं सुटलं, हॉकी सुटली. काट्यावर आणखी बारा वर्षं काढली. मग खाणीचं काम मंदावलं, टेंपररी माणसं घरी बसवली, आणि मी मांद्र्याला येऊन टुरिस्टांना स्कूटर भाड्यानं द्यायला लागलो. तेच करतो आजही.

मॅनेजर माझ्या आधी रिटायर झाले. त्यांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तेव्हा मी कारापूरला गेलो. भेटायलाच हवं होतं, शिकवलेलं होतं त्यांनी. काकी, म्हणजे त्यांची बायको, दारातच म्हणाली, तुम्ही ते लेफ्ट हाफ ना? मॅनेजर आरामखुर्चीत होते. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. बटणं तशीच गळ्यापर्यंत, ती आता काकी लावत असणार. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. डाव्या हातानं त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. टीम निवडायची होती आणि लिहायला कुणी नव्हतं. काकीला नावं नीट येत नव्हती, ते चिडायचे.

मी लिहायला बसलो. कोरं पान शोधताना जुनी पानं उलटली आणि ते पान आलं. लेफ्ट हाफ, मांद्रे. पुढं तांबडा सात. इतकी वर्षं उरात धरलेलं एकदाचं सांगून टाकावं असं वाटलं. आजारी माणूस, परत भेट होईल न होईल. मी म्हटलं, मॅनेजर, मी त्या दिवशी खोटं बोललो. दोन्ही गोल डाव्या बाजूनं झाले होते, माझ्या जागेवरून.

"जाणां," ते म्हणाले. ठाऊक होतं. "पेपरांत आशिल्लें."

पेपरात होतं? मग त्यांनीच सावकाश, एकेक शब्द जुळवून सांगितलं. दोन्ही गोल राइट विंगरनं मारल्याचं पेपरात छापलं होतं. त्यांचा राइट म्हणजे आमचा लेफ्ट. शेवटच्या दहा मिनिटांत तो दोनदा त्या बाजूनं येतो, आणि आमचा लेफ्ट हाफ तर तेव्हा गोल मारून आलेला. लेफ्ट हाफ कुठं असणार? एका ओळीवरून त्यांना सगळी मॅच दिसली होती. मला विचारलं ते नुसतं मी काय बोलतो ते बघायला.

मला हसू आलं. एवढी वर्षं मी उगाच मनाला खात बसलो होतो. मी म्हटलं, मग तुम्हाला ठाऊक आहे हे वास्कोचं काम झालं नाही तेव्हाच सांगायचंत. मला कधीकधी वाटायचं, कोचनंच माझं ते जागा सोडणं शेवटी कंपनीला सांगितलं असेल. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, कोचनं नाही. दाखल्यात मी लिहिलं. काय लिहिलं, मी विचारलं.

"भुरगो बरो. जागो सोडता."

पोरगा चांगला आहे, जागा सोडतो. एवढंच. ते मी पिशवीत घालून, पोटाशी धरून, पावसातून वास्कोला नेलं होतं. मी पेन रजिस्टरावर ठेवलं. खोटं त्यांनी लिहिलं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण मग माझ्या डोळ्यांपुढं ती कदेल आली, फिरता पंखा आला, आणि लेफ्ट हाफ, चहा घे, ही हाक आली. पंचाशी भांडला म्हणून ज्यांनी त्या इनसाइड राइटचे पाच गोल सोडले, त्यांनी माझे सात घेतले होते.

"आणि माझे सात गुण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती. तीच मला आजही सहन होत नाही.

"ते नियमांत आशिल्ले."

नियमात होते. दहा नावं लिहून झाली होती, त्यांनी सांगितलेली, निळ्या शाईनं. लेफ्ट हाफ राहिला होता. त्यांनी डाव्या हातानं रजिस्टरावर टकटक केलं, बस, लिही म्हणून. मी पेनाला टोपण लावलं, ते त्यांच्या खिशात बाकीच्या दोन पेनांशेजारी ठेवलं आणि उठलो. काकी चहा घेऊन येत होती, तिला म्हटलं, बस चुकेल. पायरी उतरताना मागून त्यांचा आवाज आला, लेफ्ट हाफ, अकरावा रे. मी थांबलो नाही.

पुढच्या चवथीच्या आधीच ते गेले. दिवसकार्याला मी गेलो, न जाऊन कसं चालेल? काकी बाजूला घेऊन म्हणाली, त्या वर्षी ह्यांची टीम दहाच माणसांनी खेळली हो. पेपर यायचा, गुण वाचायचे, पण दहांचेच. शेजारचे मास्तर म्हणाले, मी लिहितो अकराव्याचं नाव, तर लिहू दिलं नाही. ज्यानं जागा सोडली तोच येऊन भरेल, म्हणत राहिले. गेटाचा आवाज झाला की विचारायचे, आला का?

काकीला मी म्हटलं, कामातून वेळ नाही मिळाला. मांद्र्याहून कारापूरला जायला दोन बसेस लागतात, वाट काही लांबची नाही. वेळही होता. पावसाळ्यात स्कूटर कोण घेतो? मी गेलो नाही.